धरमकाट्याचा नवा पत्ता

कळमन्यात एप्रिलमध्ये रात्री अकरालाही
भिंतीला कोणी पाठ टेकवत नाही.
मिरची यार्डातली हवा आधी डोळ्यांना कळते,
मग नाकाला,
आणि शेवटी मशीनच्या पंख्याला,
जो आठवडाभर खोकतोय.

मागच्या वेळी हे काम मी घरून केलं होतं,
त्रिमूर्तीनगरच्या गच्चीत, मांडीवर लॅपटॉप.
बसलेलीच फांदी कापली.
पत्ता बदलला, त्याच क्षणी
माझा आवाज मशीनपर्यंत पोहोचेनासा झाला.
सकाळपर्यंत अठ्ठावीस ट्रक रांगेत,
आणि दलालांनी माझं नाव, सुकेशिनी गजभिये,
पूर्ण उच्चारलं होतं,
आडनावावर जरा जास्त थांबून.

म्हणून आज स्वतः आलेय.
कूलरमधलं पाणी संपलंय. टॉर्च धरून
डोमाजी भोयर, रात्रपाळीचे चौकीदार.
"काटा वजन दाखवून नाही रायला मॅडम. काऊन?"
काका, लाइन देणारी कंपनी बदलली,
नव्या राउटरची वस्ती वेगळी.
काटा अजून जुन्या वस्तीचा पत्ता सांगतोय,
तिथे आता कोणी राहत नाही.
डोमाजी म्हणाले, हं.

फाइल उघडली.
इथे टॅब चालत नाही, स्पेस मोजून द्यायच्या,
दोन, चार, सहा.
एक ओळ जरा सरकली की सगळं नामंजूर.
शाळेत शुद्धलेखनाला लाल शाई मिळवणारी मी
रिकाम्या जागांना इतकी जपते.

जुना पत्ता पुसला नाही,
पुढे जाळीचं चिन्ह ठेवलं फक्त.
मशीन ती ओळ ओलांडून जातं,
माणसाला दिसत राहते.
खाली नवा: दहा, वीस, चार, सतरा.
सेव्ह केलं.

काही झालं नाही.
लिहिलं म्हणजे लागू झालं असं नसतं,
हे ह्या यार्डात कोणाला सांगायला नको.
हमालांच्या नव्या दराचा कागद
दिवाळीपासून भिंतीवर चिकटलेला आहे.

मग तो हुकूम, ज्यात 'ट्राय' हा शब्द आहे.
लागू कर, पण पक्कं समजू नकोस.
एकशेवीस सेकंदांत मी एंटर दाबलं नाही
तर समज, माझा हात पोहोचत नाही,
आणि होतं तसं ठेव.

आकडा उतरू लागला.
"हे काय मोजून रायलं?"
सांगितलं.
"म्हणजे नवं नाही जमलं त् जुन्यावर जाता येते?"
येतं. दोन मिनिटांत.
त्यांनी टॉर्च उगाच बंद केला, चालू केला.
रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांचं घर
पारडीहून वाठोड्याला गेलं. सही करून अकरा वर्षं झाली.
बहिणीची राखी अजून जुन्या पत्त्यावर येते,
तिथल्या पानठेल्यावरून ते घेऊन येतात.
हे मागे कधीतरी बोलले होते.
आज काही बोलले नाहीत.

पिंग गेली. उत्तर नाही.
पुन्हा. नाही.
गेटवेच्या शेवटी एकऐवजी अकरा,
मिरचीच्या धुळीने की चिकटली असणार,
किंवा मीच.
नऊ, आठ, सात. हात मांडीवर ठेवला.
शून्याला मशीन निमूट मागे गेलं.
कोणी रागावलं नाही.

एक एकडा खोडला, पुन्हा लावलं.
पिंग परतली,
एक मिलिसेकंद, एक, एक, दोन.
एक्केचाळीस उरले असताना एंटर दाबलं.

खिडकीवरचा लाल आकडा जागा झाला:
वीस किलो.
काट्यावर तर ट्रक नव्हता.
डोमाजी बाहेर वाकले.
दिवसभर तापलेलं लोखंड आता कुठे निवलं म्हणून
यार्डाचं भुरं कुत्रं मधोमध अंग ताणून झोपलेलं.
"बराबर आहे. तेवढंच भरन ते."

पहिली पावती छापून पाहिली.
गाडी क्रमांक रिकामा, माल रिकामा, वजन वीस.
डोमाजींनी घडी घालून ती खिशात ठेवली.
भिवापूरच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा, लांब.
कुत्रं उठेना.
आकडाही हलेना.